कॉम्प्युटरचं घड्याळ कुणाच्या भरवशावर चाललंय ते एकदा बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर बरंच काही येतं, पासवर्ड कसा ठेवावा, बॅकअप कुठे घ्यावा, अनोळखी लिंकवर क्लिक का करू नये, ते सगळं मी आवडीने वाचतो आणि बरोबरच्या लोकांना कात्रणंही दाखवतो. पण इतक्या वर्षांत कॉम्प्युटरच्या घड्याळाबद्दल त्यात काही वाचल्याचं मला आठवत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात वेळ दिसते, ती बरोबरच असणार असं आपण धरून चालतो, ती येते कुठून हे कुणी विचारत नाही. मीही खूप वर्षं विचारलं नव्हतं आणि त्याचा त्रास एका बिचाऱ्या मुलाला झाला, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी वीसेक वर्षं ऑफिसांचे सर्व्हर सांभाळायचं काम करतोय. एका ठिकाणी एकदा संध्याकाळी एक महत्त्वाचं फोल्डर रिकामं झालं. फाइल सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कधी काय झालं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींमध्ये, फाइली उडाल्याची वेळ होती ६ वाजून ११ मिनिटं, आणि तेव्हा तिथे लॉगिन असलेला माणूस एकच, एक नवीन लागलेला मुलगा, जो ६ वाजून ५ मिनिटांनी बसला होता. दोन दिवस त्याची चौकशी चालली, तो सांगत होता मी हातच लावला नाही, आणि लॉग समोर ठेवल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी सहज त्या सर्व्हरची वेळ माझ्या मोबाइलशी ताडून बघितली तर सर्व्हर जवळजवळ ११ मिनिटं पुढे. फाइली खरं तर बरोबर ६ वाजता उडाल्या होत्या, दुसऱ्या एका मशीनवरून रोज ६ ला आपोआप चालणारी साफसफाईची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) होती, तिच्यातला पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, चुकला होता. त्या मशीनचं घड्याळ बरोबर होतं म्हणून तिकडे ६ची नोंद, इकडे ६.११ची, आणि मुलाचं लॉगिन तिसऱ्याच मशीनवर नोंदलेलं. तीन घड्याळांच्या नोंदी एकाच कागदावर लावून आम्ही एका माणसाला जवळजवळ दोषी ठरवलं होतं. ते अजूनही आठवलं की वाईट वाटतं.

कारण शोधायला लागलो तर निघालं एवढंच, की त्या सर्व्हरला वेळ कुठून घ्यायची म्हणून एकच पत्ता दिलेला होता, तोही नावाने नाही तर नुसता आयपी नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, कधीकाळी कुणीतरी कुठूनतरी बघून टाकलेला. तो टाइम सर्व्हर, म्हणजे इतरांना वेळ सांगणारं मशीन, केव्हातरी बंद झाला. आमचं मशीन दर काही मिनिटांनी विचारत राहिलं, समोरून उत्तर नाही, आणि कुठे लाल दिवा लागला नाही की मेल आला नाही.

आता कुणी म्हणेल की घड्याळ एवढं कसं पळेल. कॉम्प्युटरमधलं घड्याळ म्हणजे क्वार्ट्झचा एक स्वस्त स्फटिक असतो, तो तापमानाप्रमाणे आणि वयाप्रमाणे थोडा जलद किंवा हळू होतो. दहा लाखात २० भागांची चूक ही त्याच्यासाठी काही वाईट कामगिरी नाही, पण हिशेब केला तर दिवसाला पावणेदोन सेकंद आणि वर्षाला साडेदहा मिनिटं होतात. म्हणजे आमच्या त्या सर्व्हरला वर्षभराहून जास्त काळ कुणी वेळ सांगितलेलीच नव्हती.

आणि नुसता लॉगचाच प्रश्न नाही हो. ब्राउझरमध्ये सुरक्षित साइट उघडते तेव्हा तिच्या सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखपत्राची, मुदत आपल्या मशीनच्या घड्याळावरून तपासली जाते, घड्याळ फार चुकलं की चांगल्या साइटवर पण धोक्याची सूचना येते आणि लोक वैतागून ती बाजूला सारायची सवय लावून घेतात, जे जास्त घातक. मोबाइल ॲपमध्ये दर ३० सेकंदाला बदलणारा सहा आकडी कोड असतो तो पूर्ण वेळेवरच चालतो. मोठ्या ऑफिसात विंडोजचं डोमेन (सगळ्या मशीनची लॉगिन एकाच ठिकाणी तपासायची व्यवस्था) असेल तर त्यातलं कर्बेरॉस नावाच्या पद्धतीचं लॉगिन साधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही, लोक सकाळी येतात आणि पासवर्ड बरोबर असून आत जाता येत नाही. आमचा तो फाइल सर्व्हर डोमेनमध्ये नव्हता म्हणून ११ मिनिटं होईपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही, असता तर निम्म्यातच लॉगिन अडलं असतं आणि सगळं लवकर कळलं असतं.

वेळ आणायची पद्धत म्हणजे एनटीपी, नेटवर्क टाइम प्रोटोकॉल. डेव्हिड मिल्स नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी तो घडवला, १९८५ साली त्याचं पहिलं अधिकृत टिपण निघालं, आणि पुढे आयुष्यभर ते त्याच कामात राहिले, २०२४ च्या जानेवारीत ते गेले. आज आपण वापरतो ती चौथी आवृत्ती, २०१० ची. कल्पना फार सुंदर आहे. माझं मशीन विचारताना स्वतःची वेळ टिपतं, समोरचा सर्व्हर प्रश्न मिळाल्याची आणि उत्तर पाठवल्याची वेळ टिपतो, उत्तर हातात पडल्यावर माझं मशीन परत वेळ टिपतं. या चार आकड्यांवरून दोन गोष्टी काढता येतात, जाऊन यायला किती वेळ लागला आणि माझं घड्याळ किती चुकलंय.

पण यात एक गृहीत आहे, आणि सर्व्हर निवडताना तेच विसरलं जातं. जायला लागला तेवढाच वेळ यायला लागला असं एनटीपी धरतं. समजा निरोप जायला १० मिलिसेकंद लागले आणि यायला ५०, तर हिशेबात २० मिलिसेकंदांची चूक शिरते, आणि समोरचा सर्व्हर कितीही शहाणा असला तरी ती चूक निघत नाही. त्यामुळे समुद्रापलीकडचा नामांकित सर्व्हर घेण्यापेक्षा नेटवर्कच्या दृष्टीने जवळचा, ज्याला जाऊन यायला कमी वेळ लागतो असा साधा सर्व्हर बहुतेक वेळा जास्त कामाचा असतो. जाऊन यायला एकूण ८ मिलिसेकंद लागत असतील तर रस्त्यामुळे होणारी चूक काही केलं तरी ४ च्या वर जाऊ शकत नाही, हे गणित फार धीर देणारं आहे.

स्ट्रॅटमबद्दल तर मला जरा जास्तच बोलायचंय, कारण या एका शब्दाने लोकांची फार दिशाभूल होते. ज्या सर्व्हरला जीपीएस रिसीव्हर (उपग्रहांकडून वेळ घेणारं यंत्र) किंवा अणुघड्याळ थेट जोडलेलं असतं तो स्ट्रॅटम १, त्याच्याकडून घेणारा स्ट्रॅटम २, असं करत १५ पर्यंत, आणि १६ म्हणजे याला वेळ माहीतच नाही. हे ऐकलं की प्रत्येकाला वाटतं आपल्याला १ नंबरचाच पाहिजे. मला नवीन मुलं येऊन सांगतात की सर मी सगळे स्ट्रॅटम १ टाकलेत. अरे बाबा, हा नंबर म्हणजे मूळ घड्याळापासून किती पायऱ्या लांब एवढंच, ते घड्याळ बरोबर आहे का, सर्व्हरवर गर्दी किती, वाट कशी आहे यातलं काही तो सांगत नाही. जीपीएस रिसीव्हर बिघडलेला सर्व्हर पण स्वतःला स्ट्रॅटम १ च म्हणवून घेतो.

आणि हे नुसतं पुस्तकातलं नाही, घडलेलं आहे. १९ नोव्हेंबर २०१२ ला अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे दोन टाइम सर्व्हर, टिक आणि टॉक, ज्यांच्यावर जग डोळे मिटून विसंबायचं, ते काही वेळ साल २००० सांगायला लागले. तेवढ्या वेळात ज्यांनी ज्यांनी विचारलं आणि दुसऱ्या कुणाला विचारलं नाही त्यांची मशीनं बारा वर्षं मागे गेली, विंडोजची डोमेन आडवी पडली, टेलिफोनच्या यंत्रणांपर्यंत त्रास गेला. वेधशाळा खोटी नव्हती, चूक झाली, यंत्र म्हटल्यावर होणारच. मग २६ जानेवारी २०१६ ला एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना चुकीची माहिती वर गेली आणि काही उपग्रह १३ मायक्रोसेकंदांची चूक सांगायला लागले, ऐकायला अगदीच नगण्य वाटते पण टेलिकॉमवाल्यांच्या यंत्रणांमध्ये जगभर अलार्म वाजले. आणि २०२१ मध्ये तर जीपीएसडी नावाच्या, कितीतरी स्ट्रॅटम १ सर्व्हरमध्ये असलेल्या सॉफ्टवेअरमधली चूक उघडी पडली, २४ ऑक्टोबरला ते १०२४ आठवडे मागे उडी मारणार होतं, म्हणजे थेट २००२ च्या मार्चमध्ये. जीपीएस आठवडे मोजतो ते दहा बिटांत, १०२४ झाले की परत शून्य, १९९९ च्या ऑगस्टमध्ये एकदा झालंय, २०१९ च्या एप्रिलमध्ये परत झालंय, आणि प्रत्येक वेळी कुठले ना कुठले जुने रिसीव्हर गोंधळतात.

हे सगळं सांगितलं ते घाबरवायला नाही. चांगल्यातला चांगला सर्व्हर पण चुकू शकतो हे एकदा मनात बसलं की मग निवडीचा प्रश्न 'सगळ्यात चांगला कोणता' असा राहतच नाही, 'यातला एक चुकला तर मला कळेल का' असा होतो. मला संपादकांना आणि वाचकांना आज हेच सांगायचंय.

एकच सर्व्हर असेल तर तो सांगेल ते खरं. दोन ठेवले आणि दोघांत फरक पडला तर कोण खरं हे ठरवायला तिसरा नाही, आपलं मशीन दोघांच्या मध्ये अडकतं, कधी याच्याकडे कधी त्याच्याकडे, म्हणजे एकापेक्षा दोन बरे असं यात अजिबात नाही. तीन असले की दोघांचं जमतं आणि खोटं बोलणारा तिसरा बाजूला पडतो, एनटीपीच्या भाषेत त्याला फॉल्सटिकर म्हणतात, आणि हा निवाडा करायचं गणित कीथ मार्झुलो यांच्या १९८०च्या दशकातल्या कामावरून आलेलं आहे, प्रत्येक सर्व्हरची वेळ ही एक आकडा न धरता 'इथपासून इथपर्यंत कुठेतरी' अशी पट्टी धरायची आणि जास्तीत जास्त पट्ट्या जिथे एकमेकींवर पडतात तिथे खरी वेळ. पण तीनमधला एक देखभालीसाठी बंद झाला की तुम्ही परत दोनवर. म्हणून निदान चार. २०१९ साली एनटीपी वापरायच्या चांगल्या पद्धतींचं जे टिपण इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या लोकांनी काढलं त्यातही किमान चार स्रोत ठेवा असंच सांगितलंय.

पण चार म्हणजे चार नावं नव्हे. हे मी स्वतः एका ठिकाणी बघितलं, कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, चार ओळी होत्या आणि चारही एकाच कंपनीच्या, नावात फक्त १, २, ३, ४ वेगळं. ती कंपनी कितीही मोठी असो, तिच्या यंत्रणेत एक चूक झाली तर चारही जण एकच चूक एकमुखाने सांगणार आणि तुमच्या मशीनला वाटणार काय हे एकमत. चार वेगळ्या संस्था, शक्यतो वेगळं नेटवर्क, आणि जमलंच तर मूळ घड्याळ पण वेगळं, कुणी जीपीएसवर, कुणी देशाच्या मोजमापांच्या प्रयोगशाळेतल्या अणुघड्याळावर. बऱ्याच देशांच्या अशा प्रयोगशाळा लोकांसाठी टाइम सर्व्हर चालवतात, अमेरिकेची निस्ट, जर्मनीची पीटीबी, आणि त्यांच्याकडे वेळ ही मुळातूनच येते, त्यामुळे आपल्या जवळ अशी एखादी असेल तर यादीत तिला जागा द्यावी असं माझं मत. नुसती तिलाच नको, एवढंच.

यात एक खड्डा आहे, लीप सेकंदाचा. पृथ्वीची फिरण्याची गती अगदी एकसारखी नाही म्हणून १९७२ पासून अधूनमधून घड्याळात एक सेकंद जास्तीचा घातला जातो, आतापर्यंत २७ वेळा घातलाय, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला. २०१२ च्या जूनअखेरीच्या लीप सेकंदाला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या कर्नेलमधल्या, म्हणजे गाभ्यातल्या, एका चुकीमुळे मोठमोठ्या साइट बसल्या होत्या, तेव्हा गुगलसारख्यांनी वेगळाच मार्ग धरला होता, तो सेकंद एकदम न घालता थोडा थोडा पसरवून द्यायचा, त्याला स्मिअर म्हणतात. गुगलचा सार्वजनिक टाइम सर्व्हर युटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, दुपारी १२ पासून दुसऱ्या दुपारी १२ पर्यंत, २४ तासांत तो पसरवतो. आता असा एक आणि न पसरवणारे तीन तुम्ही एकत्र ठेवलेत तर त्या २४ तासांत त्यांच्यात अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडणार, तुमचं मशीन त्यातल्या कुणालातरी खोटं ठरवणार, आणि दोन-दोन असतील तर निवाडाच होणार नाही. गुगलने स्वतःच सांगितलंय की आमचे सर्व्हर न पसरवणाऱ्यांबरोबर मिसळू नका. सगळे पसरवणारे घ्या नाहीतर सगळे साधे घ्या. आणि पसरवणाऱ्यांचं पण आपसात बघून घ्या, कारण सगळे एकाच तऱ्हेने पसरवत नाहीत. २०२२ साली जगाच्या मोजमाप परिषदेने ठरवलंय की २०३५ पर्यंत ही लीप सेकंदाची पद्धत सोडायची, त्यामुळे लोक म्हणतात आता कशाला काळजी, पण तोवर तो येणारच नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही.

ज्यांना एवढं शोधायला वेळ नाही त्यांच्यासाठी एनटीपी पूल आहे आणि खरंच सांगतो, बहुतेक लहान ऑफिसांना आणि घरच्या मशीनना तो पुरतो. २००३ साली हा सुरू झाला. जगभरच्या हजारो लोकांनी आणि संस्थांनी आपले सर्व्हर फुकट वापरायला दिलेत, नाव विचारलं की जवळपासच्यांतले काही पत्ते आळीपाळीने मिळतात. त्यांची सतत तपासणी चालते, प्रत्येकाला गुण असतात, जास्तीत जास्त २०, आणि १० च्या खाली घसरला की तो वाटपातून बाहेर. कुणीतरी स्वतःच्या खर्चाने, स्वतःची वीज जाळून अनोळखी माणसाला वेळ सांगतोय, मला याचं फार कौतुक आहे. अर्थात शेवटी ते स्वयंसेवक आहेत, उद्या कुणाचं मशीन बंद झालं तर जाब विचारता येत नाही, आणि जिथे कोर्टकचेरीपर्यंत नोंदी जाऊ शकतात किंवा पैशाचे व्यवहार आहेत अशा ठिकाणी मी फक्त पुलावर थांबणार नाही.

पूल वापरताना सुद्धा कॉन्फिगमध्ये एक बारीक गोष्ट असते. सर्व्हर हा शब्द वापरून नाव लिहिलं तर जुन्या एनटीपीडीमध्ये (एनटीपीने वेळ आणणारा प्रोग्रॅम) ते सुरू होताना एकदाच पत्त्यात बदलतं आणि मग तो पत्ता मेला तरी मशीन त्यालाच धरून बसतं. पूल हा शब्द वापरून लिहिलं की मेलेला पत्ता सोडून नवीन शोधला जातो. क्रोनी या त्याच कामाच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पण पूल शब्द आहे. आणि नुसता आयपी नंबर कधीही लिहू नका, कधीही, आमचं जे झालं ते त्यामुळेच.

ज्यांच्याकडून आपण फुकट वेळ घेतो त्यांना त्रास न देणं पण यातच येतं. २००३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरवर अचानक सेकंदाला लाखो निरोप आदळायला लागले, आधी त्यांना वाटलं हल्ला आहे. शोध घेतला तर एका कंपनीच्या घरगुती राउटरमध्ये विद्यापीठाच्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला, न विचारता, आणि उत्तर आलं नाही तर राउटर दर सेकंदाला परत विचारायचे, लाखो घरांतून. विकून झालेले राउटर परत कोण आणून देणार, विद्यापीठाला ते ओझं पुढे वर्षानुवर्षं वाहावं लागलं. म्हणून ऑफिसात पन्नास मशीन असतील तर पन्नासांनी बाहेर विचारू नये, आतली दोन-तीन मशीन बाहेरून वेळ घेतील आणि बाकीचे त्यांच्याकडून. विचारण्याचा वेग पण आपण वाढवायची गरज नसते, ६४ सेकंदांपासून १०२४ सेकंदांपर्यंत तो आपोआप कमी-जास्त होतो, वारंवार विचारलं म्हणजे जास्त अचूक असं होत नाही.

सुरक्षेचं पण सांगायला हवं कारण माझ्या मते सर्व्हर निवडताना पुढच्या काळात हाच मुद्दा मोठा होणार. साधं एनटीपी उघड्या पोस्टकार्डासारखं जातं, त्यावर सही नाही, शिक्का नाही, वाटेत बसलेला कुणी उत्तर बदलून तुमचं मशीन मागच्या वर्षात नेऊ शकतो, आणि एकदा मशीन मागे गेलं की मुदत संपलेलं सर्टिफिकेट त्याला परत ताजं वाटतं. यावर २०२० साली एनटीएस आलं, नेटवर्क टाइम सिक्युरिटी, त्यात उत्तर खरंच त्याच सर्व्हरकडून आलंय आणि वाटेत बदललं नाही हे तपासता येतं. क्लाउडफ्लेअर ही कंपनी, स्वीडनची नेटनॉड संस्था, पीटीबी यांचे सर्व्हर ते देतात आणि क्रोनी चौथ्या आवृत्तीपासून ते समजतं. अडचण एकच, एनटीएसला सर्टिफिकेट तपासायला थोडीफार बरोबर वेळ आधीच लागते, म्हणजे बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी मेलेलं मशीन सुरू होताना जुन्याच सालात असेल तर अडकतं. तरी चारपैकी दोन तरी एनटीएसवाले घ्यावेत असं मी आता सगळ्यांना सांगतो. त्यात वाटेतला भामटा रोखला जातो, पण सर्व्हर स्वतःच चुकला तर एनटीएस ती चूक सुद्धा सहीशिक्क्यानिशी आणून देणार, म्हणून चारचा नियम तसाच राहतो.

निवडून झालं की विसरू नका, बघत राहा. लिनक्सवर एनटीपीक्यू किंवा क्रोनीसी नावाची कमांड सगळ्या स्रोतांची यादी देते. ज्याच्यापुढे चांदणी असते त्याच्याकडून आत्ता वेळ घेतली जातेय, अधिकचं चिन्ह म्हणजे तोही चांगल्यात धरलाय, एक्स म्हणजे खोटा ठरलाय. रीच नावाचा रकाना असतो, तो ३७७ असला की शेवटच्या आठही वेळा उत्तर आलं, आणि शून्य म्हणजे कुणी बोलतच नाहीये. आमच्या त्या सर्व्हरवर तिथे शून्य होतं, वर्षभर, आणि एकाही माणसाने ते बघितलं नव्हतं, मी पण नाही. विंडोजवर वेळेचा स्रोत विचारल्यावर लोकल सीमॉस क्लॉक असं उत्तर आलं तर समजा ते मशीन फक्त स्वतःच्या बॅटरीवाल्या घड्याळाला विचारतंय. आजकालच्या बऱ्याच लिनक्सवर सिस्टमडीचा टाइमसिंकडी नावाचा वेळ आणणारा छोटा प्रोग्रॅम आपोआप चालू असतो, घरच्या मशीनला तो ठीक, पण तो एका वेळी एकाच सर्व्हरचं ऐकतो, चार नावं लिहिली तरी चौघांत निवाडा करत नाही, हे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना माहीत पाहिजे. आणि व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेलं मशीन, असेल तर वेळ एकतर खालच्या होस्टकडून, म्हणजे त्या खऱ्या मशीनकडून, घ्या नाहीतर एनटीपीकडून, दोघं मिळून एकच घड्याळ ओढायला लागले की ते स्थिर होत नाही.

चुकलेलं घड्याळ सापडलं की घाईने बरोबर करू नका हेही अनुभवावरून. आमचं ११ मिनिटं पुढे होतं, एनटीपीडी हळूहळू सरकवतो तो सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद, म्हणजे पंधरा दिवस लागले असते, आणि एकदम मागे घेतलं असतं तर डेटाबेसमध्ये नवीन नोंदी जुन्यांच्या आधीच्या वेळेवर पडल्या असत्या. शेवटी रात्री सगळं बंद केलं, घड्याळ मागे घेतलं, आणि शेवटच्या नोंदीची वेळ खरोखर उलटून गेल्यावरच डेटाबेस चालू केला. ती बारा-तेरा मिनिटं आम्ही तिघं नुसते स्क्रीनकडे बघत बसलो होतो, त्यातला एक तो मुलगा. त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली गेली होती, पण त्या दोन दिवसांत तो किती खचला होता हे मी जवळून बघितलंय.

संपादक साहेब, माझी विनंती अशी की आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर या विषयावर सोप्या भाषेत एक लेख यावा, आणि त्यात सर्व्हरबरोबरच कॅमेऱ्याचे रेकॉर्डर आणि हजेरीची बोटाच्या ठशाची मशीनं यांचंही यावं, कारण त्यांच्यात बहुतेक वेळा कारखान्यातून टाकलेला एकच टाइम सर्व्हर असतो, कधी कधी तर तो भागच बंद ठेवलेला असतो, आणि तरीही चोरी झाली, भांडण झालं, पगार कापला गेला की त्यांच्यावरचीच वेळ पुरावा म्हणून पुढे ठेवली जाते. अशी मशीनं बनवणाऱ्यांनी स्रोत बदलायची सोय द्यावी आणि शेवटची वेळ कधी व कुणाकडून मिळाली ते स्क्रीनवर दाखवावं, एवढी तरी मागणी आपल्या पेपरने लावून धरावी. लेखासाठी चार स्रोतांची नमुना कॉन्फिग आणि तिचा मराठीत अर्थ हवा असेल तर मी आनंदाने लिहून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना वाचक